गल्लीवार टीम पाडायच्या की चिठ्ठ्या टाकून? (टूर्नामेंटवरून निघालेला विषय)

खासबागचा ओपनर
दरवर्षी मे महिन्यात बेळगावात आमच्या भागात टेनिस बॉलची टूर्नामेंट असते, आठ ओव्हरची, लय मोठी नव्हे. गेल्या वर्षी सेमी फायनलला एका रनआउटवरून सुरू झालं ते स्टंप उपटण्यापर्यंत गेलं. मजा बघा, पहिली पाच मिनिटं भांडण रनआउटचंच होतं, मग कोणतरी कन्नडात काहीतरी बोलला, कोणतरी मराठीत उलट बोलला आणि सहाव्या मिनिटाला रनआउट कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हता. एका बाजूला जुन्या गल्लीतली आमची मराठी पोरं, दुसरीकडं नव्या लेआउटमधली, त्यात निम्मी कन्नड बोलणारी. हीच पोरं सकाळी एकाच गाड्यावर उभं राहून इडली खातात.

यंदा मीटिंगमध्ये मी म्हटलं, गल्लीवार टीम बंद करू, सगळ्यांची नावं डब्यात टाकून चिठ्ठ्या काढू. सगळे माझ्यावरच उखडले. म्हणून इथं टाकतोय.

माझं म्हणणं एवढंच की भांडखोरपणा पोरांत नाही, टीम पाडायच्या पद्धतीत आहे. कॉलेजात सामाजिक मानसशास्त्र हा विषय होता, त्यातलं एवढं एकच डोक्यात राहिलंय. 1954 साली मुझफर शेरीफ नावाच्या माणसानं (मूळचा तुर्कस्तानचा) अमेरिकेत ओक्लाहोमात रॉबर्स केव्ह म्हणून जागा आहे तिथं 22 पोरांचा कॅम्प घेतला. अकरा-बारा वर्षांची, सगळी एकसारख्या घरातली, एकमेकांना न ओळखणारी पोरं. दोन गट पाडले, आठवडाभर एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. एकांनी नाव घेतलं रॅटलर्स, दुसऱ्यांनी ईगल्स. मग बेसबॉल, रस्सीखेच, जिंकणाऱ्याला मेडल आणि चाकू. बघता बघता एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी टाकल्या. भाषा एक, धर्म एक, रंग एक, तरी!

मिटलं कशानं तेही ऐका. एकत्र जेवायला बसवून नाही मिटलं, उलट अन्नाची फेकाफेक झाली. कॅम्पचं पाणी बंद पडलं (म्हणजे मुद्दाम पाडलं), जेवण आणायला निघालेला ट्रक बंद पडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून दोर लावून ट्रक ओढला, आणि दोर कुठला तर रस्सीखेचीचाच. आपण पोरांना दरवर्षी त्याच दोराची दोन टोकं देतोय.

जुना स्कोअरर
अरे ओपनर, बावीस वर्षं स्कोअर लिहिलाय मी, जरा ऐक. गल्लीचं नाव नसेल तर वर्गणी कोण देणार? माझ्या शेजारचे काका पाचशे देतात ते गल्लीची टीम आहे म्हणून देतात, 'चिठ्ठी क्रमांक तीन' नावाच्या टीमला कोण शिट्टी मारणार? ईर्षा नसेल तर मॅच कशाला, घरी बसून कॅरम खेळा की.

आणि तो शेरीफ. त्यानं 1953 ला आधी एक कॅम्प घेतला होता, न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथं, तो फसला हे कॉलेजात सांगितलं नाही वाटतं. तिथं पोरांची आधी सगळ्यांशी दोस्ती होऊ दिली आणि मग गट पाडले. पोरं भांडायलाच तयार नाहीत. शेवटी मोठ्या माणसांनीच तंबू पाड, सामान विस्कट असले उद्योग केले तरी पोरं एकमेकांवर उलटली नाहीत, त्यांना मोठ्यांचाच संशय आला. पुढं हे सगळं जीना पेरी म्हणून एका बाईनं जुनी कागदपत्रं काढून, त्यातल्या म्हाताऱ्या झालेल्या पोरांना गाठून पुस्तकात लिहिलंय. म्हणजे पाहिजे ते घडेपर्यंत प्रयोग करायचा आणि घडला की त्याला सिद्धांत म्हणायचं. झिम्बार्डो नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या खोट्या जेलचंही तेच, कॉलेजच्या पोरांना कैदी आणि गार्ड बनवून तो प्रयोग 1971 ला दोन आठवड्यांचा म्हणून सुरू केला आणि सहा दिवसांत गुंडाळला, त्यातही गार्ड लोकांना कसं वागायचं हे आधीच सुचवलेलं. असल्या गोष्टींवर आमची टूर्नामेंट मोडू नका.

खासबागचा ओपनर
दादा, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलालाय की! 53 ची पोरं का भांडली नाहीत? गट पडायच्या आधी ओळख झालेली म्हणून. आपली पोरं तर लहानपणापासून ओळखतात.

जुना स्कोअरर
ओळखतात तर मग गेल्या वर्षी स्टंप कुणी उपटले गा? 53 वाल्यांनी उपटले नव्हते.

बी विंग तिसरा मजला
वादात पडणार नव्हते, पण आमच्या अपार्टमेंटचं सांगते. ए आणि बी अशा दोन विंग, आठ वर्षांपूर्वी बिल्डरनं नकाशावर ए बी लिहिलं एवढाच फरक, दोन्हीकडं सगळ्या भाषांची, सगळ्या जातींची माणसं आहेत. मागच्या उन्हाळ्यात टँकर परवडेना म्हणून एकच मोठी बोअर मारायची ठरली, खर्च अर्धा-अर्धा. जागा ए विंगकडची निघाली. झालं! आमच्या विंगेतले लोक म्हणाले, पाणी दोघांनाही मिळेल हे खरं, पण मोटरचं बटण त्यांच्या जिन्याखाली राहील. बोअर झाली नाही. दोन्ही विंगा टँकरच घेतात आणि आमचा टँकर त्यांच्यापेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त आहे याचा आम्हाला आनंद!

हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातही अगदी हेच दिसलंय. ब्रिस्टलच्या शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं, त्यांना सांगितलं तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, तुला कँडिन्स्कीची, म्हणून तुम्ही दोन गट. खरंतर गट असेच पाडलेले, त्याला काही आधार नाही. ओळख नाही, भांडण नाही, समोर कोण आहे तेही माहीत नाही. मग दुसऱ्या मुलांना पैसे वाटायला सांगितले. स्वतःला त्यातलं काही मिळणार नाही, तरी आपल्या गटाला जास्त दिले हे एक, पण पुढचं वाचून मला आमची बोअर आठवली, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा फरक मोठा पाहिजे, अशी वाटणी पुष्कळांनी केली. 1971 चा पेपर आहे. आणि हा माणूस रिकामटेकडा प्रोफेसर नव्हता, पोलंडचा ज्यू, युद्धात जर्मनांच्या कैदेत होता, सुटून आला तोवर घरचे बहुतेक सगळे मारले गेलेले.

म्हणून चिठ्ठ्यांनी काय होणार मला कळत नाही. चिठ्ठीनं पाडलेला गटसुद्धा गटच. उद्या चिठ्ठी नंबर तीन आणि चार भांडतील.

खासबागचा ओपनर
भांडू देत की वैनी! तीन आणि चार भांडले तर पुढच्या मे महिन्यात चिठ्ठ्या नव्या. गल्ली विरुद्ध लेआउट भांडलं की ते वर्षभर टिकतं, गणपतीत निघतं, इलेक्शनला निघतं.

हौद्री
मी लेआउटमधला. घरी कन्नड, बाहेर मराठी, ऑफिसात इंग्लिश, स्वप्न कुठल्या भाषेत पडतं माहीत नाही. गेल्या वर्षी मी पॉइंटला उभा होतो म्हणून सांगतो, आमच्यातला एकजण 'होडी, होडी' ओरडत होता, म्हणजे बॉल मार, त्याच्या बॅट्समनला. तुमच्यातल्या एकाला वाटलं माणसाला मार म्हणतोय. तिथून सुरू झालं. तुमच्या त्या पोराला होडी कळत नाही? शप्पथ सांगा! लहानपणापासून दोघं तेच ओरडत खेळलोय. त्या दिवशी त्याला ते कळायचं नव्हतं एवढंच.

एक विनंती, आमच्या टीमला 'कन्नड टीम' म्हणू नका. आमच्यात चार मराठी घरची पोरं आहेत, त्यातल्या एकाला त्या दिवशी तुमच्याकडून सगळ्यात जास्त शिव्या बसल्या.

खानापूरची मास्तरीण
वर कुणीतरी म्हटलंय पोरं एकमेकांना ओळखतात. ओळख आणि सहवास यात फरक आहे ओ. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 लाच लिहून ठेवलंय (शेरीफच्या कॅम्पचं आणि याचं वर्ष एकच, हा योगायोग), की नुसतं जवळ राहून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा त्या जागी सारखा पाहिजे, काम एक पाहिजे, ते मिळून करायला पाहिजे आणि वरच्या लोकांचा त्याला पाठिंबा पाहिजे. पुढं पेटीग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी 2006 ला 515 अभ्यास एकत्र करून बघितले, तर बहुतेक ठिकाणी सहवासानं पूर्वग्रह कमीच झालेला दिसला, या अटी पाळल्या तिथं जास्त कमी.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तर आपल्याच देशात निघालंय, तेही क्रिकेटमध्येच! मॅथ्यू लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात खेड्यांतल्या वेगवेगळ्या जातींच्या 1,261 तरुणांना घेऊन अभ्यास केला, त्यातल्या बऱ्याच जणांना लीगमध्ये खेळवलं, कोण कुठल्या टीममध्ये आणि कुणाविरुद्ध हे नशिबावर. 2021 ला पेपर आला. एकाच टीममध्ये खेळले त्यांच्या दुसऱ्या जातीत मैत्र्या वाढल्या. समोरासमोर खेळले त्यांच्यात सर्वसाधारणपणे उलटं झालं. मैदान तेच, बॉल तोच. म्हणजे ओपनरचं म्हणणं बरोबर आहे, पण शेरीफमुळं नव्हे, यामुळं. कॅम्पच्या गोष्टी रंगवून सांगायला छान असतात, पण 22 पोरांवर मी तरी काही ठरवणार नाही.

काळी फीत
सगळ्यांचं वाचलं. छान चाललंय, पण कुणी मूळ विषयाला हात घालायला तयार नाही. भांडण पोरांच्या डोक्यात आहे असं धरून चाललाय तुम्ही. माझ्या आईला सातबारा मराठीत मिळत नाही, ऑफिसात अर्ज दिला की 'कन्नडात आणा' म्हणतात, दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे. यातलं कुठलं चिठ्ठ्या टाकून सुटतंय? बाईंनी चार अटी सांगितल्या, त्यातली पहिलीच काय, दर्जा सारखा पाहिजे. मैदानावर आठ ओव्हर सारखा, ऑफिसच्या खिडकीवर नाही.

तुमच्याच शास्त्रातलं सांगतो. 2009 ला तमार सागी ही संशोधक आणि तिच्या जोडीदारांनी दाखवलंय की दुबळ्या गटाचा ताकदवान गटाशी गोड सहवास वाढला की त्या दुबळ्या गटाचं अन्यायाकडं लक्ष कमी होतं, समोरचे आपल्याशी नीट वागतील अशी आशा वाढते, आणि प्रत्यक्षात वाटणीच्या वेळी समोरचे तसे वागत नाहीत. गोडीगुलाबी झाली की मागणी मावळते, हेच तर पाहिजे असतं वरच्यांना. आणि इराकमध्ये फुटबॉलवर प्रयोग झाला, सल्मा मूसा या संशोधिकेचा, पेपर 2020 चा. ख्रिश्चनांच्या टीममध्ये मुसलमान खेळाडू घातले. मैदानावर सगळं सुधारलं, सहा महिन्यांनीसुद्धा एकत्र सराव करत होते. मैदानाबाहेर, अनोळखी मुसलमानांशी वागताना, फारसा फरक नाही.

2019 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आम्ही एका शाळेत चपात्या लाटत होतो, शेजारी कन्नड बायका ज्वारीच्या रोट्ट्या थापत होत्या, पिठाचं पोतं एकच. रडू यायचं ते बघून. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनी, त्याच रस्त्यावर एक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, एक मराठी लोकांच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत. तुमचा ट्रक ओढून झाला की दोराचं काय करता ते सांगा.

हौद्री
फीतराव, तुमच्या आईच्या सातबाऱ्याचं मला पटतं, खरंच पटतं, आणि मी कन्नडवाला असून सांगतो की मिळायला पाहिजे. पण हे मला कुठं समजलं? आत्ता, हितं. गेल्या वर्षी स्टंप हातात घेऊन तुम्ही मला सातबारा सांगत नव्हता.

काळी फीत
स्टंप माझ्या हातात नव्हता. बाकी ठीक आहे.

जुना स्कोअरर
तो इराकचा मुद्दा मला आवडला. मैदानावरचं मैदानावर राहतं. मग मैदानावर तरी शांतता मिळत असेल तर वाईट काय, मला स्कोअर नीट लिहिता येईल. पण वर्गणीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

खानापूरची मास्तरीण
टीमला गल्लीचं नाव ठेवा, खेळाडू मात्र चिठ्ठीनं. म्हणजे काकांच्या गल्लीच्या नावानं लेआउटमधलीही पोरं खेळतील. काका त्यांच्यासाठी शिट्टी मारतात का बघा.

जुना स्कोअरर
काकांना आत्ताच विचारलं. म्हणतात पाचशे देतो, पण विकेटकीपर गल्लीचाच पाहिजे.

खासबागचा ओपनर
चालेल. मग असं करू, प्रत्येक टीमला निम्मे इकडचे निम्मे तिकडचे, दोन डब्यांतून चिठ्ठ्या, कीपर नावाच्या गल्लीचा. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला माझ्या घरी काढतो.

बी विंग तिसरा मजला
दोन डबे म्हणजे आधीच दोन गट धरलेत की हो.

हौद्री
आणि तुझ्याच घरी का? चिठ्ठ्या काढताना आमच्याकडचा एक माणूस पाहिजे.

जुना स्कोअरर
आमच्याकडचापण एक.