पंतप्रधान नसते तर वाजपेयींची कविता कोणी वाचली असती का?

कोरेगावकर

काल येथे मिरजकरांनी लिहिले की, अटलबिहारी वाजपेयींची कविता पदामुळे मोठी झाली, पंतप्रधानपद नसते तर तिने ग्वाल्हेरची वेस ओलांडली नसती, आणि राजकारण्याची कविता म्हणजे मतदाराला घातलेली भुरळ असते. त्याला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

‘मेरी इक्यावन कविताएँ’ हा संग्रह १९९५ साली आला. वाजपेयी पहिल्यांदा पंतप्रधान झाले ते मे १९९६ मध्ये, आणि तेही तेरा दिवसांसाठी. वडील कृष्णबिहारी हे शिक्षक आणि कवी. मुलगा कायदा शिकायला कानपूरच्या डीएव्ही कॉलेजात गेला, तेव्हा वडिलांनीही त्याच्याबरोबर नाव घातले आणि बापलेक एकाच वर्गात बसले. अशा घरातल्या मुलाने कविता करण्यासाठी निवडणुकीची वाट पाहिली नव्हती. (ग्वाल्हेरच्या ज्या शिंदे की छावणी भागात ते वाढले, ते शिंदे मूळचे आमच्या तालुक्यातल्या कण्हेरखेडचे, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.)

जून १९७५ मध्ये आणीबाणीत बंगळूरला अटक झाल्यावर या माणसाने कुंडलिया, म्हणजे सहा ओळींच्या जुन्या हिंदी छंदातल्या कविता, लिहिल्या. आधी दोहा, मग रोला, दोह्याचा शेवटचा चरण रोल्याच्या आरंभी पुन्हा यायला हवा, आणि ज्या शब्दाने सुरुवात झाली त्याच शब्दावर सहावी ओळ संपायला हवी. गिरिधर कविरायांची ही जुनी रीत त्यांनी घेतली आणि स्वतःला ‘कैदी कविराय’ म्हणवून घेतले. सुटका कधी होईल हे ठाऊक नसताना मात्रा मोजत बसणारा माणूस कोणत्या मतदाराला भुरळ घालत होता, हे मिरजकरांनी सांगावे.

मिरजकर

कोरेगावकर, तारखा तुमच्या बरोबर आहेत, पण मुद्दा तसाच उरतो. संग्रह १९९५ चा असला, तरी त्या कविता जगजित सिंगांच्या आवाजात घरोघरी पोहोचल्या त्या वाजपेयी पंतप्रधान असताना. चांगल्या छंदात लिहिणारे हिंदीत पुष्कळ होऊन गेले. त्यांच्या वाट्याला असा गायक आला का?

माझा खरा राग वेगळाच आहे. त्यांची हिरोशिमावरची कविता मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे वाचून दाखवली. ज्यांनी अणुबॉम्ब शोधला त्यांना रात्री झोप लागत असेल का, असा सरळ प्रश्न ती विचारते. तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्याच सरकारने ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला पाच चाचण्या केल्या. त्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारले, “सर, आता ही कविता खरी धरायची का?” मला उत्तर देता आले नाही, आणि तुम्हालाही देता येणार नाही.

कोरेगावकर

उत्तर देतो. राज्यकर्त्याला दोन्ही ओझी एकाच खांद्यावर वाहावी लागतात. २० फेब्रुवारी १९९९ रोजी तेच बसने लाहोरला गेले. उन्हाळ्यात कारगिल झाले, हवाई दल वापरले गेले, तरी नियंत्रणरेषा ओलांडायची नाही हा आदेश शेवटपर्यंत पाळला गेला. युद्ध होऊ देणार नाही अशी कविता लिहिणाऱ्या माणसाची छाया मला त्या निर्णयात दिसते.

मिरजकर

हे भाबडेपण झाले. रेषा न ओलांडण्यामागे मुत्सद्देगिरी होती, जगाचे मत आपल्या बाजूला ठेवायचे होते, आणि एका वर्षापूर्वीच दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या होत्या. त्याचे श्रेय कवितेला देणार असाल, तर २००२ साली गुजरातच्या दंगलींनंतर अहमदाबादेत मुख्यमंत्र्यांना ‘राजधर्म’ पाळा असे सांगून पुढे जे घडले नाही, त्याचा दोषही कवितेच्याच पदरात घाला.

विट्याची वाचक

तुम्हा दोघांचे चालू द्या, पण मूळ दुखणे कोणी बोलत नाही. आमच्या भागातल्या एका कविसंमेलनात आम्ही सहा वाजल्यापासून बसलो होतो. पुढाऱ्यांची गाडी साडेनऊला आली. समई दोनदा विझली, दोनदा लावली. शाली, श्रीफळे, सत्कार, मग साहेबांनी स्वतःच्या चार कविता वाचल्या. कवींना दोन-दोन मिनिटे मिळाली आणि माझे नाव पुकारले तेव्हा मंडपवाला खुर्च्या एकात एक रचत होता. वाजपेयींच्या कवितेचे कौतुक झाल्यापासून प्रत्येक आमदाराला संग्रह काढावासा वाटतो.

कराडचा निवृत्त शिक्षक

ताई, तुमचे दुःख खरे आहे, पण त्याचे खापर वाजपेयींवर फोडू नका. राजकारणी आणि साहित्य यांचा प्रश्न आमच्या कराडात १९७५ सालीच उभा राहिला होता. आणीबाणीतले साहित्य संमेलन, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. यशवंतरावांच्या समोर दुर्गाबाईंनी सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. तेव्हा वाजपेयी स्थानबद्ध होते. पुढे मार्च १९७७ मध्ये यशवंतरावांकडचे परराष्ट्र खाते वाजपेयींकडेच आले. आमच्या साहेबांनी ती प्रार्थना ऐकून घेतली, हा सुसंस्कृतपणा होता.

विट्याची वाचक

ऐकून घेतली? सर, ते त्या सरकारात मंत्री होते! दुर्गाबाईंना पुढच्याच वर्षी तुरुंगात टाकले गेले. माझे वडील त्या काळात भाषण केल्याबद्दल पकडले गेले, नोकरी गेली, आईने शिवणकाम करून आम्हाला वाढवले. सुसंस्कृतपणाने आमच्या घरची चूल पेटली नाही.

कराडचा निवृत्त शिक्षक

तुमच्या वडिलांविषयी मला आदरच आहे. पण देवराष्ट्रेच्या गरीब घरातून आलेल्या, स्वतः १९४२ मध्ये भूमिगत राहिलेल्या माणसाविषयी असे एका दमात बोलू नये. मंत्रिमंडळात राहिले ही त्यांची चूक मी नाकारत नाही. पण ते वाचणारे, लिहिणारे होते, आणि साहित्याच्या मांडवात त्यांना वाचक म्हणूनच मान होता.

विट्याची वाचक

चूक नाकारत नाही एवढे लिहिलेत, पुरे झाले. मात्र मान वाचक म्हणून होता की मंत्री म्हणून, हे तुम्ही कसे ठरवणार? आमच्या मंडपातल्या खुर्च्या अजून पुढाऱ्यांसाठीच राखून ठेवल्या जातात.

कोरेगावकर

ताई, हा फरक मला वाजपेयींच्या बाबतीत करता येतो. १९७७ साली परराष्ट्र खात्यात आल्यावर भिंतीवरून काढलेली नेहरूंची तसबीर त्यांनी परत लावायला सांगितली, आणि तसे त्यांनी पुढे संसदेत सांगितले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ते हिंदीत बोलले. दोन वाक्यांमध्ये थांबून समोरच्याला विचार करू द्यायचा, ही सवय त्यांना कविसंमेलनांनी लावली होती. मंचावरची कविता कानासाठी असते. ती कागदावर तपासून फिकी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

मिरजकर

वक्ता म्हणून ते थोर होते, त्यावर वाद नव्हताच.

आज दुपारी त्यांची मृत्यूवरची कविता पुन्हा वाचली. १९८८ साली मूत्रपिंडाच्या उपचारासाठी अमेरिकेत असताना लिहिलेली. त्याआधी १९८४ मध्ये त्यांच्या पक्षाला लोकसभेत दोनच जागा मिळाल्या होत्या आणि ते स्वतः ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून हरले होते. त्या कवितेच्या पाठीशी सत्तेचे कोणतेही पद नव्हते आणि ती तरीही उभी राहते, एवढे मला मान्य करावे लागेल. ‘भुरळ’ हा शब्द मी मागे घेतो. पण हिरोशिमाची कविता आणि पोखरणचे वाळवंट मी एकाच तासाला शिकवत राहीन, आणि त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहीन.

कोरेगावकर

अवश्य शिकवा. फक्त त्याच तासाला कैदी कविरायाची एखादी कुंडलियाही मोठ्याने वाचून दाखवा.