सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंग परीक्षेच्या अभ्यासात कळलं की पाच वर्षं चुकीचं धरून चाललो होतो, क्लास लावू का घरीच करू?

केबलवाला_कोथरूड:
मंडळी सल्ला हवाय. पाच वर्षं सोसायट्यांमधले कॅमेरे, वायफाय, छोट्या ऑफिसांचं नेटवर्किंग अशी कामं करतोय, त्यामुळे वाटलं सीसीएनए काय, महिन्याभरात उरकू. कुठलं काय, पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलो. १७२ ने सुरू होणारा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) म्हणजे प्रायव्हेटच (फक्त आतल्या नेटवर्कचा) असं मी ठाम धरून होतो, तर फक्त १७२.१६ ते १७२.३१ एवढाच पट्टा प्रायव्हेट, बाकी पब्लिक! आणि पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणं) लागत नाही म्हणजे मशीन नाहीतर केबल गेली, हे तर मी गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचो. एका दुकानदाराला अख्खी केबल बदलायला लावली होती, आता कळतंय की विंडोजचा फायरवॉलच पिंगला उत्तर देत नसणार. (तो इथे नसावा ही प्रार्थना.)
सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो, पण आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, माझा कीबोर्ड वाजला की माना वळतात. क्लास लावू का? आणि अजून कुठे कुठे चुकत असेन तेही सांगा.

नाइटशिफ्ट_हिंजवडी:
क्लासचे पैसे वाचव भावा. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, तो टाक आणि रोज काहीतरी मोडून परत जोड.
माझा सगळ्यात मोठा गैरसमज राउटिंगचा होता. स्टॅटिक रूटचं (हाताने टाकलेला रस्ता) ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (जितकं कमी तितका रस्ता भरवशाचा) १, राउटर आपसात रस्ते कळवतात त्या पद्धतींपैकी ओएसपीएफचं ११०, रिपचं १२०, मग स्टॅटिकच जिंकणार ना? नाही. राउटर पाकीट पाठवताना आधी बघतो जास्त नेमका रूट कुठला (/ नंतरचा आकडा मोठा तो). समजा १०.१.०.०/१६ स्टॅटिकने आहे आणि १०.१.१.०/२४ रिपने आलाय, तर १०.१.१.५ चं पाकीट रिपवाल्या रस्त्यानेच जाणार. डिस्टन्सची भांडणं फक्त तोच प्रीफिक्स (पत्त्यांचा तोच गट) दोन ठिकाणांहून आला तरच. हे डोक्यात शिरायला मला दोन रात्री आणि बराच चहा लागला.
अजून एक, स्पॅनिंग ट्रीत (स्विचांमध्ये डेटा गोल फिरत राहू नये म्हणूनची पद्धत) सगळ्यात भारी स्विच आपोआप रूट (मुख्य स्विच) होतो असं वाटायचं. डिफॉल्ट प्रायॉरिटी सगळ्यांची ३२७६८, मग ज्याचा मॅक (हार्डवेअरचा स्वतःचा पत्ता) लहान तो रूट, आणि तो बऱ्याचदा कोपऱ्यातला जुनाट डबा निघतो. प्रायॉरिटी हाताने लावायची.

पेठेतली_मावशी:
मी थोडं वेगळं सांगते. क्लास शिकायला नाही, पण टाळाटाळ थांबवायला उपयोगी पडतो. पैसे भरले की माणूस उठून जातो. तुम्ही कामावरून दमून येत असाल तर विचार करा, पण आधी एक लेक्चर बसून बघा, आणि जो सर नुसते जुने प्रश्न पाठ करून घेतो तिथून सरळ चपला घालून निघा.
माझी चूक सांगू? मला वाटायचं मॅक ॲड्रेस पाठवणाऱ्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो. आयपी टिकतो (मध्ये नॅट, म्हणजे आयपी बदलणारी सोय, नसेल तर), मॅक प्रत्येक राउटरला बदलतो. चाळीस वर्षांची होईपर्यंत कोणी विचारलंच नाही, म्हणून चुकलंय हे कळलंच नाही.
सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडायचं गणित) कागदावर करा, कॅल्क्युलेटर बंद. पेपर १२० मिनिटांचा असतो आणि पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, तिथे बोटं मोजत बसायला वेळ नाही.

केबलवाला_कोथरूड:
मावशी, नाइटशिफ्ट दादा, धन्यवाद. महिनाभर घरीच करतो, नाही जमलं तर क्लास. काल रात्री दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) केले, एकाच स्विचवर आहेत म्हणजे बोलतीलच असं वाटलं, नाही बोलले. मग राउटर लावला, सब-इंटरफेस (एकाच पोर्टचे दोन भाग) केले, ट्रंक (दोन्ही व्हीलॅन नेणारी एकच जोडणी) केला. आता पहिल्या पीसीवरून दोन्ही गेटवेना (त्या त्या व्हीलॅनमधला राउटरचा पत्ता) पिंग लागतो, पण पलीकडच्या पीसीला नाही.

नाइटशिफ्ट_हिंजवडी:
पलीकडच्या पीसीत डिफॉल्ट गेटवे टाकलायस का?

केबलवाला_कोथरूड:
…नाही. टाकला. लागला.