मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या वाय-फायवरून मुलीच्या नावाचं खोटं खातं उघडलंय

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी मी ६० खुर्च्यांची अभ्यासिका चालवते. एमपीएससी, पोलीस भरती करणारी मुलं आहेत, बारावीची काही आहेत. महिन्याच्या फीमध्येच वाय-फाय येतं. दोन वर्षं एकच पासवर्ड, तोही फळ्यावर लिहिलेला. बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत रेंज जाते.

गेल्या आठवड्यात सायबर शाखेतून नोटीस आली. आमच्याकडेच बसणाऱ्या एका मुलीच्या नावाने, तिचा फोटो लावून इन्स्टाग्रामवर खातं उघडलं होतं आणि तिच्या ओळखीच्यांना घाणेरडे मेसेज गेले होते. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा कनेक्शनचा नंबर) आमच्या कनेक्शनचा निघाला. त्या दिवसापासून ती आलेली नाही. १७ नंबरच्या कप्प्यात तिच्या राज्यघटनेच्या वह्या तशाच आहेत. मला रात्रीची झोप नाही.

नोटिशीत वेळ १४:१० आहे. हजेरीच्या वहीत दुपारी दोन-तीनच्या दरम्यान फक्त ९ जण आहेत. त्यातल्या एका मुलाचं तिच्याशी पूर्वी भांडण झालं होतं, म्हणून सगळी त्याच्याचकडे बोट दाखवताहेत. "चार दिवस येऊ नकोस" असं मीही त्याला सांगितलं. राउटरमध्ये काहीच सापडत नाही. लाईट गेली की नोंदी पुसल्या जातात आणि घड्याळ १ जानेवारी १९७० वर जातं.

मुलीचे वडील ९ जणांची नावं मागताहेत. जागामालक म्हणतात, कोण काय बघतं ते दाखवणारं सॉफ्टवेअर बसवा. मला ते पटत नाही. मुली इथे बसून दुखण्याखुपण्याचं, घरी विचारता येत नाही असं काहीबाही शोधतात. ते मी का वाचावं? पण पुन्हा असं झालं तर? नोंदी किती आणि किती दिवस ठेवू? कायद्याने माझ्यावर काय जबाबदारी येते?

प्रतिसाद

ताई, मी नेटवर्कच्या कामात आहे, वकील नाही. कायद्याचं एकदा वकिलाकडून तपासून घ्या.

नावं पोलिसांना लेखी नोटिशीवर द्या, वडिलांना देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस कागद मागू शकतात, खासगी माणूस नाही. वडील दुखावलेले आहेत, पण त्या ९ पैकी ८ जण तरी निर्दोष आहेत. खोट्या खात्याचा गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ए मध्ये नव्हे, ६६सी आणि ६६डी मध्ये बसतो. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आहे. (६६ए सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय, तरी लोक तेच कलम सांगत फिरतात.)

फी घेऊन लोकांना इंटरनेट देता, त्यामुळे २०११ च्या सायबर कॅफे नियमांखाली तुम्ही येऊ शकता. त्यात ओळखपत्र पाहणं आणि वापराची नोंद किमान १ वर्ष ठेवणं आहे. कॅफेच्या संगणकांवर उघडलेल्या साइट्सची यादीही त्या नियमांत आहे; ती तुम्हाला लागू होते का, हे वकिलाला विचारा. माझ्या मते कोण, केव्हा, कोणत्या अंतर्गत आयपीवर (राउटरने त्या फोनला दिलेला नंबर), एवढीच नोंद ठेवा. कोण काय वाचतं याची पाळत नको. शिवाय बारावीची मुलं १८ च्या आतली. त्यांच्या वागण्यावर नजर ठेवायला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मनाई आहे, त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत.

फळ्यावरचा पासवर्ड आजच पुसा. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. फोनच्या मॅक पत्त्यावर (वाय-फायला दिसणारा फोनचा ओळख-नंबर) विसंबू नका, आजकालचे फोन तो आपोआप बदलतात. नोंदी राउटरबाहेर, छोट्या संगणकावर साठवा आणि राउटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळेल असं लावा. काय नोंदवता, किती दिवस ठेवता, हे दारावर मराठीत लिहून लावा. मुदत संपली की पुसा.

उघड्या वाय-फायमुळे निर्दोष माणूस कसा अडकतो ते २००८ मध्ये दिसलं. अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वाय-फायवरून गेला होता. चौकशीचा सगळा ताप त्याला झाला.

आता दोन गोष्टी लगेच बघा. नोटिशीत पोर्ट नंबर (एकाच आयपीमागची जोडणी वेगळी ओळखणारा आकडा) आहे का? स्थानिक केबलवाले एकाच आयपीमागे अनेक गिऱ्हाइकं ठेवतात, पोर्टशिवाय ते कनेक्शन तुमचंच होतं हे ठरत नाही. आणि १४:१० च्या पुढे काय लिहिलंय? कंपन्या वेळ बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतात. आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात.

धागाकर्ती

दादा, नोटीस पुन्हा काढली. पोर्ट नंबर आहे. जोडलेल्या पानावर वेळेच्या पुढे बारीक अक्षरात यूटीसी लिहिलंय. म्हणजे संध्याकाळचे ७:४०. आम्ही सगळे दुपारची वही चाळत बसलो होतो.

७:४० ला वहीत ३१ नावं आहेत, शिवाय टपरीवरचे वेगळे. तो मुलगा ५ वाजताच निघून गेलाय, त्याची सही आहे.

वहीची प्रत आणि हा हिशेब घेऊन सकाळी सायबर शाखेत जातेय, पोच घेऊन येईन. मुलीच्या वडिलांनाही भेटेन. पण आधी त्या मुलाच्या घरी जायचंय. त्याला येऊ नकोस म्हणणारी मीच होते.