‘रेस्टिट्यूशन’ला मराठीत काय म्हणावं? परतावा, प्रत्यर्पण की नुसतं ‘परत देणं’? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप
बेनिनच्या धातुकामावरच्या, संग्रहालयातल्या एका माहितीफलकाचा अनुवाद अडला आहे. बेनिन म्हणजे नायजेरियातलं बेनिन शहर; शेजारचा बेनिन देश वेगळा, गल्लत नको. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने तिथला राजवाडा लुटला, ओबा (म्हणजे तिथले राजे) ओव्होन्रामवेन यांना पुढे कालाबारला हद्दपार केलं आणि हजारो वस्तू युरोपभर पांगल्या. मूळ मजकुरात एकाच परिच्छेदात रिटर्न, रेस्टिट्यूशन आणि रिपॅट्रिएशन असे तीन शब्द आहेत. तिन्हींना ‘परत करणे’ लिहिलं तर वाक्य तीनदा तेच बोलतं. ‘प्रत्यार्पण’ लिहिलं की विमानतळावर उतरवलेला फरार आरोपी डोळ्यांपुढे येतो. मग लिहायचं काय?

साधीभाषा
परत देणं. ज्याची त्याला परत दिली, एवढं कुणालाही कळतं. संस्कृतची शिडी कशाला लावायची?

ठेवपावती
कळतं, पण चुकीचं कळतं. तिन्ही शब्द एक नाहीत. युनेस्कोने १९७८ मध्ये यासाठी जी समिती स्थापली तिच्या नावातच दोन शब्द वेगळे ठेवलेत: मूळ देशाला वस्तूचं ‘रिटर्न’, आणि बेकायदा बळकावली असेल तर ‘रेस्टिट्यूशन’. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार मागच्या काळाला लागू होत नाही, त्यामुळे वसाहतकाळातल्या वस्तूंसाठी पहिला शब्द सोयीचा. ‘रेस्टिट्यूशन’मध्ये चूक कबूल होते, ‘रिटर्न’ त्याबाबत गप्प बसतो. ‘रिपॅट्रिएशन’ फक्त वस्तू कुठे गेली ते सांगतो, मालक कोण ते नाही.
फ्रान्समध्ये यावरून भांडण झालं. दाहोमेच्या (हाच तो दुसरा बेनिन) २६ वस्तू परत देण्याच्या २०२० च्या कायद्यात सिनेटला ‘रेस्टिट्यूशन’ काढून ‘रतूर’, म्हणजे नुसतं परतणं, घालायचं होतं. ते टिकलं नाही. तेव्हा एका शब्दावर संसद अडते, आपण तिन्हींची खिचडी कशी करायची?

बखरबहाद्दर
आधी शुद्धलेखन. प्रति + अर्पण = प्रत्यर्पण. ‘प्रत्यार्पण’ हा वर्तमानपत्री अवतार, ‘प्रत्यारोपण’च्या वजनावर घडलेला. तिथे आरोपणातला ‘आ’ खरा आहे, इथे नाही.
आणि शब्द उत्तम आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मुलीला सासरी धाडल्यावर कण्व म्हणतात, मन ‘प्रत्यर्पितन्यास’ झालं, म्हणजे ठेव ज्याची त्याला पोचवल्यासारखं हलकं झालं. आरोपी मागाहून आला, ठेव आधीची.

साधीभाषा
ठेव! ठेव विश्वासाने ठेवतात. ओबाने आपली पितळी शिरं लंडनला विश्वासाने ठेवायला दिली होती का? आणि ‘अर्पण’ तर देवाला करतात. लुटलेलं परत देताना देणाऱ्याच्या हातात निरांजन कशाला?

कोरडवाहू
‘लूट’ हाच शब्द वापरा, इंग्रजांनी तो आपल्याकडूनच नेला आणि तोही परत केलेला नाही. संस्कृत लुण्ठ्, तिथून लूट, तिथून अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या भाषेत. फक्त मराठीत त्याला दोन तोंडं आहेत हे ध्यानात ठेवा. दसऱ्याला सोनं लुटतात, आणि संक्रांतीला वाण लुटतात तेव्हा बाई घेत नसते, वाटत असते.

ठेवपावती
‘लूट’वर त्यांचे वकील हरकत घेतात ती वेगळ्याच कारणाने. तेव्हाच्या लष्करी कायद्यात त्याला ‘प्राइझ’ म्हणत. नेमलेले प्राइझ एजंट माल एका जागी जमा करत, लिलाव करत आणि आलेले पैसे हुद्द्याप्रमाणे वाटत. श्रीरंगपट्टणला १७९९ मध्ये टिपूचं सिंहासन याच वाटणीसाठी फोडलं. १८१७-१८ च्या युद्धानंतरची ‘डेक्कन प्राइझ मनी’ ही पेशवाईच्या मालाची वाटणी. ती इतकी रेंगाळली की वेलिंग्टनच्या ड्यूकला विश्वस्त नेमावं लागलं. इथिओपियात माग्दालाला एप्रिल १८६८ मध्ये हेच झालं. मोहिमेचा प्रमुख नेपियर हा बॉम्बे आर्मीचा सरसेनापती, फौज बहुतांशी हिंदुस्थानातली. लूट १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरांवर लादून दालांता पठारावर नेली आणि तिथे दोन दिवस लिलाव चालला. बोली लावणाऱ्यांत ब्रिटिश म्युझियमचा माणूस होता.
गोम इथेच आहे. लिलाव झाला की संग्रहालयाच्या वहीत ‘खरेदी’ असं पडतं, आणि पुढची दीडशे वर्षं तीच पावती दाखवली जाते. फलकावर ‘संपादन : १८६८, खरेदी’ एवढंच भाषांतरित केलंत तर अनुवाद बिनचूक आणि माहिती खोटी.

बखरबहाद्दर
म्हणून ‘बक्षीस’ नको. प्राइझला कुणीतरी तसं लिहिलेलं पाहिलं आहे.

घाटवाट
आपल्याकडचं बघा की. जुलै २०२४ मध्ये ‘वाघनखं परत आली’ असे मथळे होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या मुदतीवर दिली, साताऱ्याला ठेवली. मालकी लंडनची, आणि अफझलखानाच्या वेळची तीच ही, असा पुरावा नसल्याचं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लिलावात सुमारे ४७ लाखांना घेतली, तीही ‘परत आली’. एक मागून आणली, एक विकत घेतली, आणि क्रियापद एकच!

साधीभाषा
‘उसनी आणली’ म्हणा.

घाटवाट
उसनं कसं? वाटीभर पीठ उसनं आणलं तर दुसरं वाटीभर देतात, तेच पीठ नाही. वाघनखांच्या बदल्यात दुसरी वाघनखं चालतील का?

बखरबहाद्दर
वापरायला मागून आणलेल्या वस्तूला याज्ञवल्क्य ‘याचित’ म्हणतो. ठेवीच्या नियमांत न्यास आणि निक्षेपाच्या पंक्तीत तो शब्द आहे.

कोरडवाहू
फलकावर ‘याचित’ लिहा, लोक दानपेटी शोधतील.

ठेवपावती
‘मुदतीवर’ पुरे. शब्द निवडताना वस्तू कोणत्या छपराखाली आहे ते मागाहून पाहा, आधी दाखल नोंदवही पाहा. मुदतीवर दिलेल्या वस्तूचा दाखल क्रमांक देणाऱ्याकडेच राहतो. पेटी बंद करण्याआधी आणि उघडल्यावर स्थिती-अहवाल लिहितात, विम्याची किंमत ठरते, तारीख संपली की पेटी उलट्या वाटेला. मालकी सोडायची तर नोंद कायमची कमी करावी लागते, आणि ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने ते जवळपास बंद आहे. दुबार प्रत किंवा ठेवण्यालायक न उरलेली वस्तू, असे मोजके अपवाद. म्हणून २०२४ मध्ये घानाच्या असांते राज्यातल्या, त्यांच्याकडच्या १५ वस्तू कुमासीला गेल्या त्या मुदतीवरच.

घाटवाट
नोंद कमी करण्याला सरकारी मराठीत ‘निर्लेखन’ तयार आहे.

साधीभाषा
शाळेतली मोडकी बाकं निर्लेखित करतात. त्याच यादीत ओबाच्या आईचं पितळी शिर?

तळटीप
माझ्या मजकुरात नेमका उलटा घोळ आहे. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, पण नोव्हेंबरात प्रत्यक्ष हाती गेल्या ६. बर्लिनने ५१२ ची मालकी सोडली आणि सुमारे तिसरा हिस्सा दहा वर्षांसाठी तिथेच राहिला. म्हणजे जिथे होत्या तिथेच, फक्त आता नायजेरियाकडून मुदतीवर. ‘परत दिल्या’ लिहिलं की वाचक विचारणार, मग समोरच्या कपाटात काय आहे?

ठेवपावती
कुणाला दिल्या तेही तपासा. करार नायजेरियाच्या राष्ट्रीय संग्रहालय आयोगाशी झाले, आणि २०२३ मध्ये तिथले तेव्हाचे अध्यक्ष बुहारी यांच्या आदेशाने मालक म्हणून ओबाचं नाव आलं. ‘मायदेशी’ चालेल, ‘मूळ मालकाला’ लिहिताना हात आखडा.

ओतारी
इतका वेळ कुणी बोललं नाही म्हणून. ‘बेनिन ब्राँझ’चं ‘बेनिनचे कांस्य’ करू नका. त्यांतल्या बहुतेक वस्तू पितळेच्या आहेत, तांबं आणि जस्त. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. शिवाय त्या समूहात हस्तिदंत आणि लाकूडही आहे. पद्धत मेणाची: गाभ्यावर मेणाचा थर, त्यावर माती, तापवून मेण काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. माती नीट सुकली नसेल तर वाफेने साचा फुटतो. ‘ओतीव पितळकाम’ लिहा.

बखरबहाद्दर
‘कांस्य’ रूढ झालं आहे. रूढी बलवान.

ओतारी
‘प्रत्यार्पण’ही रूढच आहे की!

तळटीप
मसुदा असा करतो: ‘७२ वस्तूंची मालकी सोडली, त्यांपैकी ६ सुपूर्द केल्या, उरलेल्या मुदतीवर लंडनमध्ये.’ तिन्ही इंग्रजी शब्द गाळले.

बखरबहाद्दर
‘सोडली’ म्हणजे उपकार केल्यासारखं वाटतं. आणि ते सुपूर्द की सुपूर्त?

कोरडवाहू
सुपूर्त.

घाटवाट
फारसी ‘सिपुर्द’. द.