मदत हवी आहे : वावरातली विषमता नेमकी कोणत्या चौकटीत मांडू?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, समाजशास्त्रात एमए करतेय. लघुप्रबंधाचा विषय आमच्याच गावातली कापूस वेचणी.

अडचण अशी. तीन एकर कोरडवाहू वावर असलेला शेतकरी आणि त्याच्याकडे किलोमागे मजुरीने वेचणारी भूमिहीन बाई, दोघंही कर्जात. मार्क्सच्या मांडणीत तो मालक, ती मजूर. पण कापूस विकून त्याच्याही हाती फारसं उरत नाही. तरी गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. तिला मात्र पाणी अजून वरूनच ओततात. हे मी लहानपणापासून पाहत आले, आणि लिहायला बसले की हात थांबतो. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने वर्ग (आर्थिक स्थिती), प्रतिष्ठा (समाजातला मान) आणि पक्ष (सत्ता) वेगळे केले, ते इथे उपयोगी पडतं. पण मला बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमता, म्हणजे एकीखाली एक अशी जातींची उतरंड, जास्त जवळची वाटते : जात म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडलं. वेचणीच्या टोळ्यासुद्धा वस्तीनुसार, म्हणजे जातीनुसारच बनतात!

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांची प्रभुजातीची, म्हणजे जमीन, संख्या आणि सत्तेच्या जोरावर गावात वरचढ असलेल्या जातीची, कल्पना यात घ्यावी का? माझ्या मते ती बाईच्या श्रमाबद्दल फारसं सांगत नाही.

दुसरं, मुलाखतीत पाण्याचा विषय कसा काढू? या मावश्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय, त्यांना दुखवायचं नाही. गावात असं काम केलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. मराठीतलं वाचनही सुचवा, तालुक्याच्या वाचनालयात फार काही मिळत नाही.