मॅचच्या पिस्तुलात बफर: ठेवावा की काढून टाकावा?

टेक्सासकर:
रविवारच्या मॅचला चौथ्या स्टेजवर (टप्प्यावर) माझं .४५ चं १९११ मॉडेलचं पिस्तूल अडकलं. स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) अर्ध्यात, आणि आत रिकॉइल बफरचा, म्हणजे स्लाइडचा मागचा धक्का झेलणाऱ्या मऊ चकतीचा, फाटलेला निळा तुकडा. नऊ सेकंद गेले. बफर काढून टाकला, परत लावणार नाही. स्प्रिंगही मी हलकीच ठेवतो. पाच इंची नळीच्या १९११ ला स्लाइड पुढे ढकलणारी मूळ स्प्रिंग १६ पौंडांची, ती २३० ग्रेन (सुमारे १५ ग्रॅम) गोळीच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसासाठी. मी २०० ग्रेनची गोळी सेकंदाला ८५० फुटांनी मारतो. पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले हजार) १७०, मेजर या वरच्या ताकदीच्या वर्गाला १६५ लागतो. त्याला १४ पौंड पुरतात. जड स्प्रिंग घातली की स्लाइड पुढे येऊन आदळते, फ्रंट साइट (नेमाची पुढची माशी) खाली झुकते, आणि दुसरा शॉट तेवढाच खाली.

कानसधारी:
म्हणजे स्प्रिंग हलकी, वर बफरही नाही. मार खायला फ्रेम (पिस्तुलाचा सांगाडा) आहेच! अहो, बफर चार पैशांचा, फ्रेम केवढ्याची? आणि आधी सांगा, त्या बफरवर किती गोळ्या झाल्या होत्या?

टेक्सासकर:
दोन हजारांवर. ती चूक माझीच. पण बफरमुळे स्लाइड साधारण अडीच मिमी कमी मागे जाते, त्याचं काय? लॉक झालेली स्लाइड मागे खेचून सोडून बघा. सुटतच नाही, स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवणारा खटका) अंगठ्याने दाबावा लागतो. बझर वाजल्यावर हे कुणाला आठवतं?

कानसधारी:
मी वीस वर्षं अंगठ्यानेच दाबतोय. सवय लावून घ्या.

बालेवाडी२५मी:
मी .२२ वाली, मध्येच तोंड घालते. माझ्या पार्दिनी पिस्तुलात बफर कारखान्यातूनच येतो. झिजला की बदलायचा, काढायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण तिथे त्याची जागा धरूनच पिस्तूल बनवलंय. १९११ मध्ये तो मागाहून घुसवलेला पाहुणा. दोन्हींना एकच नियम कसा लावता?

टेक्सासकर:
हे पटलं. मग सरावाला बफर, मॅचला नाही. चालेल?

कानसधारी:
सरावाला एक पिस्तूल, मॅचला दुसरं. शाबास! ते राहू द्या, १४ पौंडांच्या स्प्रिंगवर काडतुसांची रिकामी टरफलं किती लांब पडतात?

टेक्सासकर:
बारा-पंधरा फूट.

कानसधारी:
इतकी लांब म्हणजे स्प्रिंग हलकी पडतेय. मग १५ ची घाला आणि परत मोजा.