'क्रम कोट'ला आपला शब्द कोणता?

लातूरकर:
केकवर सजावटीची क्रीम चढवण्याआधी एक पातळ, गुळगुळीत थर देऊन केक फ्रीजमध्ये ठेवतात, त्याला बेकरीत 'क्रम कोट' म्हणतात. देवनागरीत लिहिलं की घोटाळा होतो. शिकणाऱ्याला वाटतं, क्रमानं द्यायचे कोट, पहिला, दुसरा, तिसरा. इथला 'क्रम' म्हणजे चुरा. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ब आहे, पण तो उच्चारत नाहीत, म्हणून काही जण 'क्रंब' लिहितात. स्पंजचा सुटलेला चुरा जागच्या जागी धरून ठेवणारा थर, एवढाच अर्थ. पाककृती मराठीत लिहायची तर काय लिहावं? 'गिलावा' कसा वाटतो?

परभणीकर:
गिलावा नको. भिंतीचा पहिला गिलावा मुद्दाम खरबरीत ठेवतात, टोचे मारतात, म्हणजे वरचा हात, म्हणजे वरचा थर, नीट धरतो. केकचं अगदी उलट आहे. हा थर जितका सपाट, तितकी वरची क्रीम सारख्या जाडीची बसते. धरायला टोच्यांची गरजच नाही, क्रीमवर क्रीम आपोआप चिकटते. 'सारवण' क्रियेनं जवळचं आहे, पण शेणाचा वास त्या शब्दाला सुटत नाही. खायच्या जिनसेला तो लावू नये.

उदगीरकर:
'अस्तर' म्हणा. फारसीतून आलेला, आपल्याकडं चांगला मुरलेला शब्द आहे. कपड्याच्या आतला कापडी थर म्हणजे अस्तर, आणि भिंतीला चुना-गारा लावण्याच्या कामाला 'अस्तरकारी' हा जुना शब्द आहेच. उर्दूत अब्रा आणि अस्तर अशी जोडी चालते, रजईच्या वरचं कापड अब्रा, आतलं अस्तर. उशीचा आपला 'अभ्रा' तोच. केकलाही हेच लागू पडतं: आत अस्तर, वर अभ्रा. अस्तर दिसायचं नसतं, पण ते चुणलं की वरचं कापडही चुणतं. या थराचं काम याहून नेमकं सांगता येणार नाही.

लातूरकर:
पटलं. पण रंगारी 'पहिला हात' म्हणतात, तेही सोपं आहे की.

परभणीकर:
पहिला हात चालेल, फक्त त्यात क्रमाचाच अर्थ पुन्हा येतो, चुरा धरण्याचा येत नाही. 'अस्तराचा हात' म्हटलं तर दोन्ही साधतं.

क्रियापदाकडं मात्र जास्त लक्ष द्यायला हवं, कारण बिघडतं तिथंच. पाककृतीत सर्रास 'क्रीम फासा' किंवा 'थापा' लिहिलेलं असतं. थापणं म्हणजे भाकरीसारखं वरून दाबणं. पॅलेट नाइफ, म्हणजे क्रीम पसरायची लांब, बोथट सुरी, अशी दाबून सरळ वर उचलला की क्रीमबरोबर स्पंजची साल निघते आणि चुरा वर येतो. इथं 'ओढा' हवं. क्रीमचा गोळा वर मधोमध ठेवायचा, सुरी जवळजवळ आडवी धरायची, टर्नटेबल, म्हणजे केकखालचा फिरता पाट, फिरवत क्रीम कडेकडं ओढायची आणि कडेबाहेर आलेली बाजूवर उतरवायची. सुरी कायम क्रीमवरच फिरली पाहिजे, उघड्या स्पंजवर नाही. शेवटी स्क्रॅपर, म्हणजे सरळ कडेची पट्टी, उभा धरून जास्तीची क्रीम 'काढून घ्या'. खाली दोन-तीन मिलिमीटर उरली, मधूनमधून स्पंज दिसला, तरी चालतं.

उदगीरकर:
मापही शब्दात यावं. अर्धा किलोच्या, 6 इंची केकला अस्तरासाठी 60 मिली व्हिपिंग क्रीम घ्या, ती फेटून 150 मिलीच्या आसपास होते. वरच्या थरापेक्षा किंचित सैल फेटा. घट्ट क्रीम स्पंज ओरबाडते. आणि ही क्रीम वेगळ्या वाटीत काढा. चुरा लागलेली सुरी मोठ्या भांड्यात गेली की पांढऱ्या क्रीमभर ठिपके. याला 'उष्टी सुरी' म्हणावं, सगळ्यांना लगेच कळतं.

बिनअंड्याच्या स्पंजचा चुरा जास्त सुटतो, कारण घट्ट बांधून ठेवणारं अंड्यातलं प्रथिन त्यात नसतं. तो स्पंज पूर्ण गार करून, गुंडाळून तासभर फ्रीजमध्ये ठेवूनच कापावा. साखरपाणीही बेतानं शिंपडा. भिजून लगदा झालेल्या स्पंजला कुठलंच अस्तर सावरत नाही, थर सरकतात.

लातूरकर:
आणखी एक शब्द मराठवाड्यात फसवतो: 'खोलीच्या तापमानाचं लोणी'. बटरक्रीमच्या, म्हणजे लोणी-साखर फेटून केलेल्या क्रीमच्या, कृतीत त्याचा अर्थ 18 ते 21 अंश. आपल्याकडं मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो आणि लोणी 32 ते 35 अंशांतच वितळतं. शब्दशः वागलं तर भांड्यात तूपच उरायचं. त्याऐवजी काय लिहावं?

परभणीकर:
तापमानाचा आकडा सोडा, खूण लिहा: 'बोटानं दाबल्यावर खळगा पडेल, पण बोट चकाकणार नाही इतकं मऊ'. उन्हाळ्यात लोणी फ्रीजबाहेर थोडाच वेळ ठेवलं तरी पुरतं.

'सेट करणे'बद्दलही तसंच. काही जण 'सुकू द्या' लिहायलेत, ते चूक आहे. अस्तर सुकत नाही, गारठ्यानं 'बसतं'. लोण्यातली चरबी थंडीनं घट्ट होते. व्हिपिंग क्रीमला 15-20 मिनिटं, बटरक्रीमला 20-30. बोट हलकं टेकवून क्रीम लागली नाही, की बसलं. फ्रीजऐवजी पंख्याखाली ठेवलं तर व्हिपिंग क्रीमला वरून पापुद्रा येतो नि आतून ती ढासळते.

लातूरकर:
मग ज्या केकवर हा एकच थर देऊन तसाच वाढतात, स्पंज अर्धवट दिसतो, त्याचं काय? तिथं अभ्रा नाहीच.

उदगीरकर:
तिथं 'अस्तर' म्हणू नका. तो उघडा पातळ हातच आहे, नि तो शेवटचा असल्यामुळं चुरा दिसून चालत नाही. तेव्हा आधी अस्तर, ते बसल्यावर दुसरा हात, आणि तो स्क्रॅपरनं हवा तितका खरवडून स्पंज दाखवायचा. त्याला 'खरवडलेला केक' म्हटलेलं मला तरी आवडेल.